भिंती राहिल्या, शेजार कुठे गेला?

चीनमधील जुन्या गल्ल्यांच्या जतनाची कथा आणि तिच्यापासून आपण घ्यावयाचा बोध



चीन देशात पीत नदीच्या जवळ काइफेंग नावाचे एक प्राचीन शहर आहे. एके काळी ते सोंग राजघराण्याच्या राजधानीचे ठिकाण होते. या शहरातील एका अरुंद गल्लीचे नाव ‘च्याओचिंग हूतोंग’ असे आहे. ‘हूतोंग’ म्हणजे गल्ली आणि ‘च्याओचिंग’ म्हणजे धर्मग्रंथ शिकविणे. हे ग्रंथ शिकविणारे लोक कोण, असे विचाराल तर ते आपलेच धर्मबांधव होत. शेकडो वर्षांपूर्वी व्यापाराच्या निमित्ताने पश्चिमेकडून तेथे जाऊन स्थायिक झालेले यहुदी. त्यांनी ११६३ साली तेथे सिनेगॉग बांधले, असे त्यांच्याच १४८९ सालच्या शिलालेखात नमूद आहे. १६४२ च्या भीषण महापुरात ते नष्ट झाले. उरलेल्या कुटुंबांनी ते पुन्हा उभारले आणि १६६३ साली त्याचीही हकीकत शिळेवर कोरून ठेवली. पुढे मात्र हिब्रू वाचणारे कोणी उरले नाही, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ती वास्तू मोडकळीस येऊन नाहीशी झाली. आज तिची एक भिंतसुद्धा उभी नाही. गल्लीचे नाव तेवढे उरले आहे.

या गल्लीचे याहूनही जुने नाव आपल्या समाजास अधिकच जवळचे वाटेल. पूर्वी तिला ‘थ्याओचिन हूतोंग’ म्हणत असत. म्हणजे ‘शीर काढून टाकणाऱ्यांची गल्ली’. आपला पिता याकोब रात्रभर झुंजला व त्याच्या जांघेस इजा झाली, तेव्हापासून जनावराच्या मांडीतील ती शीर इस्राएल लोक खात नाहीत, हे आपण जाणतोच. काइफेंगच्या चिनी शेजाऱ्यांना तोरा ठाऊक नव्हती. परंतु पलीकडच्या घरातील माणसे मांस शिजविण्यापूर्वी त्यातील शीर काढून टाकतात, एवढे त्यांनी पाहिले होते. आणि जे पाहिले त्यावरूनच त्यांनी त्या लोकांस व त्यांच्या गल्लीस नाव दिले. कोकणातील गावकऱ्यांनी आपल्या पूर्वजांना ‘शनवार तेली’ म्हटले ते याच रीतीने. शनिवारी ज्यांचा घाणा फिरत नाही ते तेली! शब्बाथ म्हणजे काय हे गावकऱ्यांना कोणी शिकविले नव्हते. शेजारच्या डोळ्यांनी जे टिपले ते नाव होऊन राहिले, आणि त्या नावाने आपली ओळख शतकानुशतके सांभाळली.

मला या दोन नावांत एक मोठा बोध दिसतो. सिनेगॉग पडले तरी गल्लीचे नाव टिकले, कारण ते नाव उच्चारणारे शेजारी पिढ्यान्पिढ्या तेथेच राहत होते. मग याच्या उलट घडले तर? घरे जपली, दारे रंगविली, पण त्यांत राहणारी माणसे निघून गेली, तर त्या जतनास जतन म्हणावे काय? आधुनिक चीनला गेली सत्तर-पंचाहत्तर वर्षे हाच प्रश्न छळीत आला आहे. आपणही आज याच प्रश्नाच्या उंबरठ्यावर उभे आहोत. म्हणून प्रथम त्यांची कथा ऐकू या.

चौसोपी वाड्यांचे नगर

बीजिंग, म्हणजे आपल्या लहानपणीच्या भूगोलातील पेकिंग. तेराव्या शतकात कुब्लाई खानाने तेथे आपली राजधानी वसविली, तेव्हा रुंद राजमार्ग आणि त्यांच्यामधून जाणाऱ्या अरुंद गल्ल्या अशी आखीव रचना केली. ‘हूतोंग’ हा शब्द विहीर या अर्थाच्या मंगोल शब्दापासून आला, असे अनेक विद्वान मानतात. जेथे पाणी तेथे वस्ती, हा न्याय सर्व देशांत सारखाच. या गल्ल्या बहुधा पूर्व-पश्चिम जात असल्यामुळे त्यांतील घरांना दक्षिणेकडे तोंड करून बसता येई. उत्तरेकडील बोचऱ्या वाऱ्याला पाठ आणि हिवाळ्यातील उन्हाला मुख, अशी ती योजना होती.

या घरास चिनी लोक ‘सिहयुआन’ म्हणतात. मराठी वाचकाला त्याची ओळख करून द्यावयाची तर आपला चौसोपी वाडा आठवावा. मध्ये अंगण, चारी बाजूंस खोल्या. उत्तरेकडील खोल्या सर्वांत उबदार, म्हणून त्या घरातील वडीलधाऱ्यांच्या. पूर्व व पश्चिमेच्या सोप्यांत मुले-सुना. दक्षिणेकडे पाहुणे वा नोकरचाकर. दार आग्नेय कोपऱ्यात, आणि दारातून आत शिरताच समोर एक आडभिंत. जेणेकरून रस्त्यावरील माणसाची दृष्टी थेट अंगणात पडू नये. अंगणात डाळिंबाचे किंवा खजुरासारखी फळे देणारे बोरीचे झाड. घराची रचना पाहूनच कुटुंबाची रचना कळावी, असे हे वास्तुशास्त्र होते. बाहेरच्या गल्लीत फेरीवाल्यांच्या आरोळ्या, सुऱ्या-कात्र्यांना धार लावणाऱ्याच्या लोखंडी पट्ट्यांचा खुळखुळाट, आणि आकाशात शेपटीला शिटी बांधलेल्या कबुतरांच्या थव्यांचा घुमणारा नाद.

एका वाड्यात अनेक बिऱ्हाडे

१९४९ नंतर या घरांचे स्वरूप पालटले. राजधानीत माणसांची रीघ लागली, घरे अपुरी पडली, आणि जो वाडा एका कुटुंबाचा होता त्यात अनेक बिऱ्हाडे येऊन राहिली. १९७६ साली तांगशानचा भयंकर भूकंप झाला तेव्हा बीजिंगकरांनी अंगणांत तात्पुरते निवारे बांधले. भूकंपाचे भय ओसरले, निवारे मात्र ओसरले नाहीत. कोणी त्यात चूल मांडली, कोणी लग्न झालेल्या मुलाची सोय केली. हळूहळू अंगण नाहीसे झाले आणि माणूस जेमतेम जाईल एवढी वाट उरली. अशा वाड्याला लोक ‘मोठे मिश्र अंगण’ म्हणू लागले.

येथे आपण भावनेच्या आहारी जाऊ नये, असे मला वाटते. दुरून पाहणाऱ्याला ती जुनी कौले आणि लाल दारे मोहक वाटतात. परंतु ज्याला जानेवारीच्या थंडीत पहाटे उठून गल्लीच्या टोकावरील सार्वजनिक शौचकूपाकडे जावे लागते, ज्याच्या खोलीत कोळशाच्या वड्यांचा धूर कोंडतो, ज्याच्या छतातून पाणी गळते, त्याने नळ आणि न्हाणीघर असलेल्या नव्या सदनिकेची इच्छा केली तर त्याला दोष कसा देणार? ज्यांनी मुंबईच्या चाळीत सामाईक नळावर बादल्यांची रांग लावली आहे, त्यांना हे सांगावयास नको. वारसा जपा असे म्हणणारे पुष्कळदा त्या वारशात राहत नसतात.

मात्र त्या चाळीतील बिऱ्हाडकरू आजारी पडला तर पलीकडची काकी पेज घेऊन येई, हेही तितकेच खरे. बीजिंगच्या त्या गर्दीच्या अंगणांत नेमके हेच घडत असे. अडचण आणि आपुलकी एकाच दाराने आत येत. अडचण घालवावी आणि आपुलकी राखावी, हे साधणे मोठे कठीण आहे.

न मानलेला सल्ला

हे संकट येणार हे एका माणसाने फार लवकर ओळखले होते. लियांग सिचेंग हे चिनी वास्तुविद्येच्या इतिहासाचे आद्य अभ्यासक. पत्नी लिन हुईयिन हिच्यासह त्यांनी खेड्यापाड्यांतून हिंडून जुनी मंदिरे व मनोरे मोजले, त्यांची रेखाचित्रे काढली. १९५० साली त्यांनी चेन झानशियांग या नगररचनाकाराच्या साहाय्याने सरकारपुढे एक योजना मांडली: नव्या राज्यकारभाराच्या कचेऱ्या जुन्या शहराच्या बाहेर पश्चिमेला बांधा आणि जुने बीजिंग जसेच्या तसे राहू द्या. शहराचा प्रचंड तटही पाडू नका. त्याच्या माथ्यावर बगीचा करा, लोक तेथे फिरावयास जातील, अशी त्यांची रम्य सूचना होती.

योजना फेटाळली गेली. १९५० व १९६० च्या दशकांत तट पाडण्यात आला व त्याच्या मार्गावरून पुढे भुयारी रेल्वे धावू लागली. १९९० नंतर जीर्ण घरांच्या पुनर्बांधणीचा धडाका सुरू झाला. ज्या भिंतीवर पांढऱ्या रंगात वर्तुळ काढून त्यात ‘पाडा’ या अर्थाचे चिनी अक्षर लिहिले जाई, ती गल्ली काही महिन्यांत नकाशावरून पुसली जाई. जुन्या शहरातील निम्म्याहून अधिक गल्ल्या या रीतीने गेल्या. २०१२ साली खुद्द लियांग आणि लिन यांचे गल्लीतील जुने घरही पाडले गेल्याचे उघडकीस आले, तेव्हा लोकांत मोठा क्षोभ झाला. ज्याने आयुष्यभर इतरांची घरे वाचविण्याचा आग्रह धरला त्याचेच घर वाचू शकले नाही!

येथे एक गोष्ट न्यायबुद्धीने सांगितली पाहिजे. चीनमध्ये कायदे नव्हते असे नाही. १९८२ साली सांस्कृतिक वारशाच्या संरक्षणाचा कायदा झाला व त्याच वर्षी २४ शहरांना ऐतिहासिक शहरांचा दर्जा मिळाला. त्यांत बीजिंग होते, काइफेंगही होते. परंतु कायदा मंदिराला ओळखतो, राजवाड्याला ओळखतो. साध्या माणसाच्या साध्या घराला ओळखावयास तो पुष्कळ वेळ घेतो.

एक प्रामाणिक प्रयोग

या अंधारात एक दिवा लावला तो लियांग यांच्याच परंपरेतील वू लियांगयोंग या प्राध्यापकांनी. १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी बीजिंगच्या जू-अर हूतोंगात एक प्रयोग आरंभिला. त्यांचे म्हणणे असे की शहर हा सजीव देह आहे. देहातील जीर्ण पेशी जाऊन नव्या येतात, पण चेहरा तोच राहतो. तद्वत गल्लीतील जी घरे चांगली आहेत ती राखावी, जी दुरुस्त होतील ती दुरुस्त करावी, आणि जी अगदीच कोसळली आहेत त्यांच्या जागी नवी बांधावी. मात्र ती अशी की अंगण अंगणच राहील. त्यांनी दोन-तीन मजल्यांची नवी घरे अंगणाभोवती रचली. प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतंत्र स्वयंपाकघर व न्हाणीघर मिळाले. जुनी झाडे तोडली नाहीत. या प्रयोगाला पुढे आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला व जगभरच्या विद्यार्थ्यांनी त्याचा अभ्यास केला.

तरीही एक सल राहिलाच. नव्या घरासाठी रहिवाशांना स्वतःची काही रक्कम घालावी लागणार होती. ज्यांना ती परवडली नाही ते दूरच्या वसाहतींत गेले, आणि मूळच्या कुटुंबांपैकी थोडीच त्या सुंदर अंगणांत परतली. घर चांगले झाले, पण ज्याच्यासाठी केले तो दुसरीकडे गेला. वू यांच्या हेतूबद्दल किंवा कौशल्याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. परंतु हिशेबाच्या वहीतील एक ओळ साऱ्या वास्तुविद्येवर कशी मात करते, हे यावरून ध्यानात घ्यावे.

शांघायच्या दोन वाटा

शांघायची गोष्ट निराळी. तेथील जुनी वस्ती वाड्यांची नसून चाळींची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तायपिंग बंडाच्या धुमाळीत हजारो चिनी कुटुंबे परकीयांच्या ताब्यातील वसाहतींत आश्रयास आली. त्यांच्यासाठी विलायती पद्धतीने ओळीत बांधलेली, पण आत लहानसे चिनी अंगण राखलेली घरे उभी राहिली. दगडी चौकटीच्या दारावरून त्यांना ‘शिकूमन’ म्हणतात आणि त्यांच्या गल्ल्यांना ‘लिलोंग’.

२००१ साली यांतील एका भागाचे ‘शिनतियानदी’ या नावाने नूतनीकरण झाले. दगडी चौकटी व विटांच्या भिंती राखून आत उपाहारगृहे आणि उंची दुकाने आणली गेली. हे काम देखणे आहे, यात वाद नाही. त्यापूर्वी शहराला जुन्या घरांचे मोल वाटत नव्हते, ते यामुळे वाटू लागले, हेही श्रेय त्यास द्यावे लागेल. पण तेथील रहिवासी आधीच हलविले गेले होते. आता त्या गल्लीत वाळत घातलेले कपडे नाहीत, दाराशी भाजी निवडणारी आजी नाही.

दुसरी वाट तायकांग रस्त्यावरील ‘तियानझीफांग’ या गल्ल्यांची. १९९० च्या दशकाच्या अखेरीस तेथील रिकाम्या कारखान्यांत चित्रकार येऊन राहिले. मग रहिवाशांनी आपल्या खालच्या खोल्या दुकानांना भाड्याने दिल्या आणि काही जण वरच्या मजल्यावर राहत राहिले. गल्ली पाडली जाण्यापासून वाचली, आणि उत्पन्न रहिवाशांच्या हाती आले. परंतु जसजशी गर्दी वाढली तसतशी भाडी वाढली; प्रथम चित्रकार गेले, मग गोंगाटाला कंटाळून पुष्कळ रहिवासीही गेले. पहिल्या वाटेवर माणसे एकदम गेली, दुसऱ्या वाटेवर हळूहळू. दुसरी वाट तरीही बरी, कारण जावे की राहावे हे तेथे रहिवाशाने स्वतः ठरविले.

होंगकोऊतील आपले शेजारी

शांघायशी यहुद्यांचे नाते जुने आहे आणि त्याचा एक धागा मुंबईतून जातो. मुंबईच्या कोट भागातील केनेसेथ एलियाहू हे सिनेगॉग आपणांपैकी अनेकांनी पाहिले असेल. १८८४ साली ते बांधणारे सर जेकब ससून यांनीच आपली पत्नी राहेल हिच्या स्मरणार्थ शांघायमध्ये ‘ओहेल राहेल’ सिनेगॉग बांधविले; ते १९२० साली पूर्ण झाले.

परंतु मला सांगावयाचे आहे ते श्रीमंतांच्या नव्हे, निर्वासितांच्या वस्तीबद्दल. नाझींच्या छळातून निसटलेल्या यहुद्यांना जगातील बहुतेक बंदरांनी दारे लावून घेतली, तेव्हा शांघायने ती उघडी ठेवली. जर्मनी, ऑस्ट्रिया व पोलंड येथील सुमारे १८ ते २० हजार यहुदी तेथे पोहोचले. १९४३ च्या फेब्रुवारीत जपानी लष्कराने हुकूम काढून त्यांना होंगकोऊ भागातील सुमारे एक चौरस मैलाच्या क्षेत्रात राहण्यास भाग पाडले. त्याला भिंत नव्हती, पण परवान्याशिवाय बाहेर पाऊल टाकता येत नसे. आणि मुख्य गोष्ट ही की तो भाग रिकामा नव्हता. तेथे पूर्वीपासून सुमारे लाखभर गरीब चिनी माणसे लिलोंगांत राहत होती. त्यांनी आणखी दाटीवाटीने राहून या परक्यांना सामावून घेतले. एकाच गल्लीत व्हिएन्नाच्या पद्धतीची मिठाई आणि चिनी शेवयांची गाडी शेजारी शेजारी उभी राहिली. १७ जुलै १९४५ रोजी त्या भागावर अमेरिकन विमानांचे बॉम्ब पडले. तीसहून अधिक निर्वासित व शेकडो चिनी ठार झाले. त्या दिवशी यहुदी डॉक्टरांनी व परिचारिकांनी जखमींत यहुदी कोण व चिनी कोण हे पाहिले नाही.

युद्धानंतर निर्वासित निघून गेले. कित्येक आपल्या इस्राएलातही आले. त्यांचे ‘ओहेल मोशे’ सिनेगॉग पुढे इतर कामांसाठी वापरले गेले. २००७ साली त्याची मूळ स्वरूपात दुरुस्ती झाली, आणि आज तेथे यहुदी निर्वासितांचे संग्रहालय आहे. शांघाय नगरीने तिलानच्याओ नावाच्या त्या परिसराला संरक्षित भागाचा दर्जाही दिला आहे. ही मोठीच कृतज्ञतेची गोष्ट होय. मात्र तेथेही एक विचित्र प्रकार घडला. निर्वासितांचे ‘पांढरा घोडा’ या अर्थाच्या नावाचे एक प्रसिद्ध उपाहारगृह होते. रस्तारुंदीत २००९ साली ते पाडले गेले. आणि २०१५ साली संग्रहालयासमोर तशीच नवी वास्तू उभारण्यात आली. खरी काढून तिची प्रतिकृती ठेवावी लागली! इमारतीच्या बाबतीत असे करता येते, पण शेजाराची प्रतिकृती करता येत नाही. संग्रहालयात निर्वासितांची नावे भिंतीवर कोरलेली आहेत. ज्या चिनी काकीने आपली खोली त्यांना दिली तिचे नाव कोठे सापडेल? ते तिच्या नातवंडांच्या तोंडी सापडेल, आणि तेही ती नातवंडे त्या गल्लीत राहिली तरच.

उशिरा आलेले शहाणपण

अलीकडे चीनमध्ये वारे काहीसे बदलले आहे. २०१७ साली मंजूर झालेल्या बीजिंगच्या आराखड्यात जुने शहर आता आणखी पाडावयाचे नाही, असा स्पष्ट निर्धार व्यक्त झाला. २०१९ पासून काही भागांत नवी पद्धत सुरू झाली. सरसकट सर्वांना हलविण्याऐवजी, ज्याला जावयाचे असेल त्याने अर्ज करावा व मोबदला घेऊन खोली सोडावी. ज्याला राहावयाचे असेल त्याने राहावे. रिकाम्या खोल्या दुरुस्त करून तेथे नवे भाडेकरू आणावे आणि जुने-नवे यांनी एकाच अंगणात नांदावे, अशा घरांना ‘सहजीवनाचे अंगण’ असे म्हणतात. २०२४ साली बीजिंगचा मध्यवर्ती अक्ष जागतिक वारशाच्या यादीत गेला, त्यामुळे या गल्ल्यांवर जगाचे लक्षही आले आहे. पुढे काय होते ते काळच ठरवील.

या साऱ्या प्रयत्नांत मला सर्वांत भावला तो शीजिया हूतोंगाचा. तेथे २०१३ साली लिंग शूहुआ या लेखिकेच्या जुन्या घरात गल्लीचे छोटेसे संग्रहालय उघडले. त्यात जुन्या वस्तू आहेत, गल्लीची लहान प्रतिकृती आहे, आणि एक खोली केवळ आवाजांची आहे. फेरीवाल्याची आरोळी, धार लावणाऱ्याच्या पट्ट्या, कबुतरांची शिटी, असे कितीतरी नाद तेथे ध्वनिमुद्रित करून ठेवले आहेत. शिवाय गल्लीतील रहिवासी तेथे जमतात, सभा भरवितात. संग्रहालय रहिवाशांच्या जागी आलेले नाही. ते रहिवाशांच्या मध्ये बसलेले आहे. हा भेद लहान दिसतो, पण सर्व काही त्यातच आहे.

आपल्या जिन्यावर

आता थोडे आपल्याकडे वळू या. आपले आईवडील कोकणातून व मुंबईतून या देशात आले तेव्हा त्यांना दिमोना, बेरशेबा, लोद, रामला, अशदोद अशा ठिकाणी शिकुनातील लहान सदनिका मिळाल्या. तीन-चार मजले, उद्वाहन नाही, भिंती पातळ. त्या पातळ भिंतींतूनच एका घरातील मराठी गाणे दुसऱ्या घरात गेले. आज या इमारती जीर्ण झाल्या आहेत आणि त्यांच्यावर ‘पिनुई-बिनुई’ची योजना येत आहे: जुने पाडावयाचे आणि तेथे उंच मनोरे बांधावयाचे. भूकंपाचा व क्षेपणास्त्रांचा धोका असलेल्या या देशात मजबूत घर व सुरक्षित खोली यांस विरोध करणे शहाणपणाचे नाही, आणि मी तो करीत नाही.

परंतु आमच्या इमारतीच्या बैठकीत जे घडले ते सांगतो. विकासकाचे प्रतिनिधी रंगीत चित्रे दाखवीत होते. सतरा मजले, तळघरात वाहनतळ, वर उद्वाहन. सर्व खूश होते. तेवढ्यात आमच्या जिन्यावरील एका वृद्ध काकींनी मराठीत मला हळूच विचारले, “मास्तर, मलिद्याचं ताट द्यायला कितव्या मजल्याचं बटण दाबायचं, हे कोण सांगणार मला?” आम्ही हसलो. घरी आल्यावर मात्र मला ते हसू टोचू लागले. आज काकी दार उघडून उभ्या राहतात आणि ताट हातोहात चारी दारी पोहोचते. उद्या त्यांना कोणता मजला मिळेल, शेजारी कोण येईल, महिन्याची देखभाल-वर्गणी त्यांच्या निवृत्तिवेतनातून निघेल काय, बांधकामाच्या वर्षांत त्या कोठे राहतील आणि परत येईपर्यंत देव त्यांना आयुष्य देईल काय, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या रंगीत चित्रांत नव्हते. जू-अर हूतोंगातील हिशेबाची ती ओळ मला तेव्हा आठवली.

म्हणून माझी आपणांस नम्र विनंती आहे. करारावर सही करण्यापूर्वी सर्वांनी मिळून तीन गोष्टी विचाराव्यात. एक, एकमेकांच्या शेजारी राहणाऱ्या वृद्धांना नव्या इमारतीतही जवळपासची घरे मिळतील काय? दोन, वृद्धांवरील देखभाल-वर्गणीचा भार हलका करण्याची तरतूद लेखी आहे काय? तीन, आपले सिनेगॉग किंवा प्रार्थनेची खोली खालच्या मजल्यावर, चालत जाता येईल अशी, आराखड्यात दाखविली आहे काय? हे प्रश्न एकट्याने विचारले तर कोणी ऐकत नाही. दहा घरांनी मिळून विचारले तर ऐकावे लागते. मिन्यानचे बळ केवळ प्रार्थनेसाठी नाही.

आणि शिक्षक या नात्याने आणखी एक काम सुचवितो, ज्याला कोणाची परवानगी लागत नाही. आपल्या नातवंडांना एक कागद द्या व जुन्या इमारतीचा नकाशा काढावयास सांगा: कोणत्या दारामागे कोण राहत होते, ते कोणत्या गावाहून आले, त्या घरातून कोणत्या सणाला काय येई. आजी-आजोबांचे बोलणे, बिरडे सोलतानाच्या गप्पा, एलियाहू हन्नबीच्या मलिद्याच्या वेळचे गाणे, हे सारे आता हातातील फोनवरही मुद्रित करता येते. शीजिया गल्लीने कबुतरांची शिटी जपली. आपण आपल्या काकींचा आवाज जपू नये काय?

मुंबईत आपल्या सर्वांत जुन्या सिनेगॉगला, १७९६ साली सॅम्युएल दिवेकर यांनी बांधलेल्या शाआर हारहमीमला, लोक ‘जुनी मशीद’ म्हणत. जवळच्या मस्जिद रेल्वे स्थानकाचे नाव त्यावरूनच पडले असे आपल्या समाजात सांगतात. काइफेंगच्या गल्लीप्रमाणे तेथेही नाव राहिले आहे, आणि ते घेणारे आपले लोक फार थोडे उरले आहेत. आपल्या येथील शिकुनांना तर अजून नावही पडलेले नाही. ते पडेपर्यंत तरी तेथील शेजार मोडू नये, एवढीच प्रार्थना.

पुढच्या महिन्यात आमच्या इमारतीची दुसरी बैठक आहे. काकींना मी सोबत घेऊन जाणार आहे, आणि या वेळी त्यांचा प्रश्न मी मोठ्याने, हिब्रू भाषेत विचारणार आहे.